‘डॉक्टर देवमाणूस आहेत’ याच्या पुढचं: गुडघेबदलाच्या सेवेचं परीक्षण

गुडघा बदलून घेतलेल्यांचे ऑनलाइन अभिप्राय वाचायला बसलं की थोड्याच वेळात सगळे सारखे वाटू लागतात. पाच तारे, ‘डॉक्टर देवमाणूस’, ‘स्टाफ प्रेमळ’, ‘आई दुसऱ्या दिवशी चालली’. यात खोटं काही नसतं. पण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवणं ही आता बहुतेक ठिकाणची रोजची पद्धत आहे. स्पायनल (कमरेत सुई देऊन केलेली भूल) उतरून पायात जोर आला की काही ठिकाणी त्याच संध्याकाळी उभं करतात. त्यावरून सर्जन पारखणं म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून संसार पारखण्यासारखं. गुडघ्याचा निकाल तिसऱ्या महिन्यात कळू लागतो, पक्का व्हायला वर्ष जातं, आणि तारे तर आठव्या दिवशीच देऊन झालेले असतात.

ऑपरेशन नीट झालेल्यांतही पाचातला एखादा जण पुरता समाधानी नसतो, हे जगभरच्या पाहण्यांत वारंवार दिसलं आहे. त्यात अपेक्षाभंगाचा वाटा मोठा. म्हणून डॉक्टर काळजी घेणारा आहे की नाही हे त्याच्या गोड बोलण्यावरून ठरवू नये. तो हाताने काय तपासतो, आधी काय सांगून ठेवतो आणि डिस्चार्जच्या कागदावर काय लिहितो, ते बघावं.

सुरुवात ओपीडीत होते. ‘काकू, दारापर्यंत जाऊन या बघू’ असं म्हणून चालताना गुडघा बाहेर फेकला जातो का ते बघणारा, मग पलंगावर आडवं करून आधी खुबा फिरवून बघणारा, पावलावरची नाडी चाचपणारा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का ते पाहणारा सर्जन मिळाला तर समजा निम्मं काम झालं. खुबा अशासाठी, की खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात बोलतं. आणि चिखल्या, टाचांच्या भेगा, किडलेली दाढ, लघवीतला जंतुसंसर्ग या सगळ्या जंतूंना आत शिरायच्या वाटा. नव्या सांध्यात जंतू शिरले की पुढचं प्रकरण फार लांबतं, वेळ आली तर बसवलेला सांधा काढावाही लागतो.

एक्स-रे उभं राहून काढलेलाच हवा. आडव्या पेशंटचा एक्स-रे गुडघा आहे त्याहून बरा दाखवतो, कारण अंगाचा भार नसताना हाडं एकमेकांवर टेकत नाहीत. ‘गुडघ्यात गॅप पडलीय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरं तर तक्रार उलटी असते: कूर्चा झिजून होती ती गॅप गेलेली असते. ‘वाटी बदलली’ हेही तसंच. वाटी पुष्कळदा मूळचीच ठेवतात, फार तर तिच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची चकती बसवतात. बदलतो तो मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नडगीच्या वरच्या टोकाचा पृष्ठभाग. साधारण ८ ते १० मिलिमीटरचा थर कापायचा, वर धातूची टोपी, खाली धातूची थाळी, मध्ये पॉलिएथिलीनचा तुकडा, आणि हे सगळं हाडाला धरून ठेवायला बोन सिमेंट. टेबलावरचं मॉडेल पेशंटच्या हातात देऊन हे दोन मिनिटांत समजावणारे सर्जन आहेत, आणि त्यांचे पेशंट पुढे व्यायामही समजून करतात. साठीपुढच्या, एक्स-रेत उघड झिजलेल्या गुडघ्याला एमआरआय सहसा लागत नाही. पहिल्याच भेटीत तो लिहून दिला तर कशासाठी, हे विचारायला संकोच नको.

‘गुडघ्यात शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?’ हा प्रश्न आला पाहिजे. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन तीन महिने झाले नसतील तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून जाणता माणूस थांबतो. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेसात-आठच्या वर असेल तरीही थांबतो. मुलगा परदेशातून सुट्टी काढून आलेला, दिवाळीच्या आत उरकायचं, खोलीचं बुकिंग झालेलं, अशा गडबडीत ‘साखर खाली आणा, मग बघू’ म्हणून तारीख पुढे ढकलणाऱ्याला अभिप्रायात हमखास एक तारा कमी मिळतो. आमच्या मते तो पूर्ण पाचांचा धनी.

दोन्ही गुडघे एकदम की वेगवेगळे, यावर घराघरांत वाद होतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलला आणि उजवा जून २००१ मध्ये, म्हणजे मध्ये आठ महिने. एकदम केल्याने भूल एकदा, हॉस्पिटलात राहणं एकदा, हे खरं. पण रक्तस्राव आणि हृदय-फुफ्फुसांवरचा ताण वाढतो. हृदयविकार असलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला ‘दोन्ही एकदम केले तर पॅकेज स्वस्त पडेल’ असं काउंटरवरून कुणी सांगत असेल, तर ते गणित काउंटरचं आहे.

पैशांबद्दल सरळ बोलू. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या. जीएसटी सोडून कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपये, हाय-फ्लेक्स (जास्त वाकतो म्हणून विकला जाणारा) ५६,४९०, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६००. त्याआधी साध्या सांध्यालाच दीड लाखाच्या वर मोजावे लागत. किमतीला लगाम बसल्यावर बिलातल्या बाकीच्या ओळी मात्र फुगल्या. म्हणून बिलात सांधा आणि सिमेंट वेगळं दाखवलंय का, पॅकेजात वॉकर, फिजिओथेरपी, टाके काढणं धरलंय का, हे आधीच कागदावर घ्या. ‘हाय-फ्लेक्स’ या शब्दालाही भुलू नका. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे सगळ्यात जास्त ठरतं ते आधी किती वाकत होता यावर. रोबोच्या मदतीने केलेल्या ऑपरेशनचंही तेच. बहुतेक यंत्रणांत करवत सर्जनच्याच हातात असते, रोबो मापं देतो आणि ठरल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. हाडं अचूक कापायला त्याची मदत होते. पण त्याने गुडघा वीस वर्षांनी जास्त चांगला राहतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. साधा, नीट बसवलेला सांधाही कमी टिकाऊ नसतो: २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात पूर्ण गुडघेबदलांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकल्याचा अंदाज निघाला.

थिएटर आणि वॉर्ड या बाबतीत मोठ्या शहरांतली चांगली हॉस्पिटलं आता खरोखर चांगली आहेत. स्पायनलच्या जोडीला मांडीच्या आतल्या बाजूला ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) देतात, त्याने दुखणं दबतं पण मांडीचा जोर फारसा जात नाही. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड असतं, त्यामुळे रक्त चढवायची वेळ पूर्वीपेक्षा फार कमी येते. कमी पडतं ते बोलणं. ब्लॉकचा असर उतरला की दुखणं एकदम उसळतं, बहुधा दुसऱ्या दिवशी. आधी सांगितलेलं नसलं की घरच्यांना वाटतं, ‘काल बरं होतं, आज काहीतरी बिघडलं.’ हे आदल्या दिवशीच सांगून ठेवणारा, आणि संध्याकाळच्या राउंडला ‘पावलाचा अंगठा वर करा’ एवढंच म्हणून पाऊल उचलणारी नस शाबूत आहे ना ते बघणारा सर्जन आपलं काम जाणतो. आत वाकलेला, दुसऱ्या गुडघ्यावर घासणारा गुडघा सरळ करताना ती नस ताणली जाण्याची भीती जास्त असते. बँडेज घट्ट झालं असेल तर तेव्हाच सैल करायचं असतं, सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

साखळीतली कच्ची कडी म्हणजे डिस्चार्जनंतरचे सहा आठवडे. इथे अनेक नावाजलेली ठिकाणं नापास होतात. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढी एकच ओळ असेल तर तो कागद कुचकामी. चांगल्या कागदावर त्या दिवशी गुडघा किती अंशांत वाकला आणि किती सरळ झाला ते लिहिलेलं असतं. टाके किंवा स्टेपल कधी काढायचे (साधारण १२ ते १४ दिवस), रक्त पातळ ठेवायची गोळी कोणती आणि किती दिवस, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. फोन कधी करायचा हेही: पोटरी दुखून सुजली, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला, जखम पाचव्या-सातव्या दिवसानंतरही ओली राहिली. धाप आणि छातीसाठी मात्र फोनवर अडकू नका, थेट हॉस्पिटल गाठा. ओल्या जखमेला घराजवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करणं ही नेहमीची चूक. जंतू दबतात, मरत नाहीत, आणि पुढे सांध्यातलं पाणी तपासलं तर रिपोर्ट फसवा येतो. आधी सर्जनने जखम बघायची, मग गोळी.

घरी सगळ्यात जास्त नुकसान करते ती गुडघ्याखालची उशी. उशी ठेवली की बरं वाटतं, म्हणून घरचे प्रेमाने ठेवतात. महिनाभरात गुडघा थोडा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, मग माणूस लंगडतो आणि लवकर थकतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली हवा, गुडघा हवेत, आणि मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. दहा-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. वाकण्याचं सगळ्यांना कौतुक, पण सरळ होणं आधी. दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास यावं. सहा आठवड्यांनंतरही तिथेच अडकलं तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता दाखवावं. भूल देऊन गुडघा वाकवून घेण्याचा उपाय साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतच नीट लागू पडतो.

वॉकरची मूठ मनगटाच्या सुरकुतीच्या उंचीला. काठी घेतली तर ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. तेल-मालिशवाल्या बाईंना जखम पूर्ण भरेपर्यंत सुट्टी.

काही गोष्टी बिघाड नसतात, पण आधी कुणी सांगत नाही म्हणून रडवतात. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला हातभर नसली तरी तळहाताएवढी बधिर जागा राहते, कारण त्वचेची बारीक नस कापली जाते. गुडघा तीन ते सहा महिने गरम लागतो, संध्याकाळी सुजतो. जिन्यावर टिक-टिक वाजतो, ते धातू आणि प्लॅस्टिकचं. मांडी घालून पूजेला बसणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास या तिन्हींवर बहुतेक सर्जन काट मारतात. काही पेशंट मांडी घालून बसतातही. म्हणून अभिप्राय वाचताना तीन ताऱ्यांचे आधी वाचा. ‘चालणं मस्त, पण मांडी घालता येत नाही, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं’ असं कुणी कुरकुरत लिहिलेलं सापडलं, की त्या सर्जनचा नंबर टिपून ठेवावा.

डिस्चार्जच्या वेळी आणखी एक मागा. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. ते हॉस्पिटलच्या फायलीत चिकटवले जातात. त्यांचा फोटो किंवा झेरॉक्स तुमच्या फायलीत हवाच. पंधरा-वीस वर्षांनी फक्त प्लॅस्टिकचा तुकडा बदलायची वेळ आली तर कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, हे त्या चिठोऱ्यावरूनच कळतं. आणि तोवर ते हॉस्पिटल दुसऱ्याच नावाने चालू असायची शक्यता बरीच.