मधुमेही पायाच्या जखमेसाठी ऑक्सिजन चेंबर : तीस सत्रांचा जमाखर्च

माझ्या वडिलांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम तीन महिने भरेना आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचला, म्हणजेच जखमेची तीव्रता सांगणाऱ्या वॅग्नर मोजमापात ती श्रेणी 3 मध्ये गेली, तेव्हा शल्यविशारदांनी आधी गुडघ्याखालच्या रक्तवाहिनीची अँजिओप्लास्टी केली आणि त्यानंतर हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचार सुचवला. पुण्यातील ज्या केंद्रात आम्ही तो घेतला त्याचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार त्या एकाच केंद्रापुरती असेल असे मला वाटत नाही.

रुग्णाला पारदर्शक नळकांड्यासारख्या चेंबरमध्ये निजवून, वातावरणाच्या 2.4 पट दाबाखाली दीड तास शुद्ध ऑक्सिजन दिला जातो. आठवड्यातून पाच दिवस, आमच्या बाबतीत एकूण 30 सत्रे. तंत्रज्ञ तरबेज होते. आत असताना साखर उतरू शकते म्हणून ती दर वेळी आधी तपासत, सुती कपड्यांखेरीज अंगावर काही राहू देत नसत, केसांना तेलही चालत नसे. पहिल्या दिवशी वडिलांच्या कानांना दडे बसले तेव्हा दाब चढवण्याचा वेग त्यांनी तत्काळ कमी केला. सुरक्षिततेच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही.

प्रश्न पैशांचा आहे. सत्रामागे साडेतीन हजार रुपयांप्रमाणे 1,05,000 आणि टॅक्सीचे 18,000, असे 1,23,000 रुपये गेले. माझ्या रजा यात धरलेल्या नाहीत आणि मेडिक्लेममधून एक रुपयाही मिळाला नाही. ‘पाय तोडण्यापेक्षा हे स्वस्त’ असे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सांगितले. हे विधान खरे ठरण्यासाठी उपचारामुळे पाय वाचतो हे आधी सिद्ध व्हायला हवे, आणि घोडे तिथेच अडते. स्वीडनमधील हेलसिंगबोर्ग येथील 2010 च्या चाचणीत वर्षअखेर ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी 52 टक्के, तर चेंबरमध्ये साधी हवा घेतलेल्यांपैकी 29 टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. माझा खर्च या फरकावर बसवला, तर एक जादा जखम भरण्यासाठी पाच ते साडेपाच लाख रुपये पडतात, आणि पाय वाचण्याच्या तुलनेत ही रक्कम मला रास्त वाटते. परंतु टोरांटोच्या 2016 च्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर जखम भरण्याचे प्रमाण ऑक्सिजनच्या गटात 20 आणि तुलनेच्या गटात 22 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. नेदरलँड्समधील 2018 च्या चाचणीत प्रत्येकी 60 रुग्णांच्या दोन गटांत ऑक्सिजन घेतलेल्या 53, तर न घेतलेल्या 47 जणांचे पाय वाचले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता, आणि तो खरा मानला तरी एका पायामागे सव्वाबारा लाखांचा हिशेब होतो. त्या चाचणीत ऑक्सिजनच्या गटातील सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ठरलेली सत्रे पूर्ण करता आली नाहीत, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. रोज आजारी माणसाला घेऊन जाणे-येणे हाच एक उपचार होऊन बसतो.

यातले काहीही केंद्राने सांगितले नाही. मात्र माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अठराव्या सत्रापर्यंत वडील साध्या रबरी चपलेत येत होते आणि पावलाचा सगळा भार त्याच जखमेवर टाकत होते. चपला दारात काढून ठेवायच्या, चेंबरमध्ये निजायचे, पुन्हा त्याच घालून निघायचे. दीड तासात मिळवलेले परतीच्या चार पावलांत घालवायचे. केंद्रातल्या एकानेही त्या चपलांकडे पाहिले नाही. शेवटी घराजवळच्या ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी ‘आधी एमसीआरच्या (मऊ, सच्छिद्र रबराच्या) चपला घ्या’ म्हणून बजावले आणि जखमेखालचा भाग कापून मोकळा ठेवलेल्या चपला आम्ही 2,200 रुपयांत करून घेतल्या. त्यानंतर दहा दिवसांत जखमेच्या तळाशी लाल मांस दिसू लागले आणि अडीच महिन्यांत ती मिटली. श्रेय अँजिओप्लास्टीचे, ऑक्सिजनचे की चपलांचे, हे एका रुग्णावरून ठरत नाही. चपला सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत शेवटी आल्या, एवढे मात्र बिलांच्या तारखांवरून दिसते.

चेंबर आणि तंत्रज्ञांना मी पाचपैकी चार गुण देईन, जखमेच्या एकूण देखभालीला एक. रक्तपुरवठा तपासून शक्य तिथे सुधारला आहे, मृत ऊती काढल्या आहेत, पायावरचा भार हटवला आहे आणि तरीही महिनाभरात जखम हललेली नाही, अशाच रुग्णाच्या घरच्यांनी या केंद्रात पैसे भरावेत, आणि तेही दहा-दहा सत्रांच्या हप्त्यांनी, प्रत्येक हप्त्याला जखम मोजून. आम्ही तिसांचे एकदम भरले होते, कारण त्यावर पाच टक्के सूट होती; वरचा साडेतीन हजारांचा दर ती धरूनच आहे.