ट्रॅकर गप्प, विंग नट ढिले: बोलेरोच्या बंदोबस्ताचे दहा महिने

गेल्या जूनमध्ये जुन्या डिझेल बोलेरोवर कॅरियर चढवला, मागे झोपायची फळी केली आणि बेळगावातून चोर्ला, अनमोड, आंबोली, दांडेली अशा फेऱ्या सुरू केल्या. गाडीतच राहायचं, गाडीतच शिजवायचं. पण धबधबा बघायला किंवा गड चढायला गेलं की गाडी तासन्‌तास एकटी पडते. म्हणून सुरुवातीलाच गाडीच्या बॅटरीला वायरने जोडलेला जीपीएस ट्रॅकर, गिअर लॉक, स्टेपनीचं कुलूप आणि बंद ठेवला की गाडी सुरू होऊ नये असा एक लपवलेला स्विच एवढं बसवून घेतलं. दहा महिने वापरून झाल्यावर हे लिहितोय.

गाडी जागेवर आहे. गेलं ते छतावरचं सामान, आणि त्याच्यासाठी मी दमडीही खर्चली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत गोकाकच्या धबधब्याला गेलो होतो. रात्री एका लॉजच्या आवारात गाडी लावली. गेट होतं, दिवा होता, वॉचमनही होता. सकाळी वर बघतो तर वीस लिटरचा भरलेला डिझेलचा कॅन, फावडं आणि फार्म जॅक (गाडी उंच उचलायचा लांब दांड्याचा जॅक) गायब. भरलेला कॅन म्हणजे नुसत्या डिझेलचंच सोळा-सतरा किलो वजन, म्हणजे खिशात घालून नेण्यातली वस्तू नव्हे. कुणीतरी बॉनेटवर पाय देऊन निवांत वर चढला होता. ट्रॅकरच्या लेखी मात्र रात्रभर काहीच घडलं नाही: इग्निशन बंद, गाडी जागेवर.

गप्प राहण्यात त्याची चूक नव्हती, माझी होती. गणपतीत आमच्या अनगोळच्या गल्लीत ढोलताशा आणि डीजे सुरू झाला की दर दहा मिनिटांनी फोनवर कंपनाची सूचना यायची. एका रात्रीत अकरा. वैतागून संवेदनशीलता सगळ्यात खाली आणून ठेवली आणि विसरून गेलो. गोकाकहून परतल्यावर भावाला वर चढवून कॅरियर गदागदा हलवायला लावला, तरी फोन शांत. वर ठेवली तर गल्लीतला डीजे, खाली ठेवली तर चोर. मधली पातळी शोधायला मला महिना लागला, आणि आताही जोराच्या पावसात एखादी खोटी सूचना येतेच.

जॅक घालायला भक्कम पेटी करावी म्हणून बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. मेस्त्रींनी कॅरियरवर नजर टाकली, मग डॅशबोर्डखालचा ट्रॅकर बघितला आणि म्हणाले, "वर हातानं सुटणारे विंग नट लावलायसा आणि आत यंत्र बसवून घेतलायसा? चोराला निदान पान्हा तरी घेऊन येऊ दे की." फार लागलं. पण खरंच, जॅकचं ब्रॅकेट, फावड्याचा क्लॅम्प, ऑनिंगचे (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराचे) हात, सगळीकडे विंग नटच होते. मला काढ-घाल सोपी जावी म्हणून लावलेले, त्यालाही सोपी गेली.

आता तिथे गोल डोक्याचे, षटकोनी खाचेचे ॲलन बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेले नट आहेत. बोल्टच्या खाचेत सिलिकॉन भरलंय. काढायचं तर आधी ते टोकरावं लागतं, मलाही. पण जॅक रोज लागत नाही, त्यामुळे चालतं.

पेटी दोन मिलिमीटर पत्र्याची, नव्वद बाय पंचेचाळीस बाय चाळीस सेंटिमीटर. रिकामी उचलली तरी तीस किलोच्या आसपास भरते. बिजागऱ्या आतून वेल्ड केल्यात, कुलपाच्या दांडीवर पत्र्याचं घर आहे, म्हणजे कटरचं तोंड आत जात नाही. तळाचे बोल्ट गाडीच्या फरशीतून आरपार, खालून जाड पट्टी. मला साडेसहा हजार पडले. ओढायचा दोर, हवेचा कॉम्प्रेसर, शेगडी, नवा जॅक, सगळं त्यात. दहा महिन्यांत सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा हाच. तोटा एकच: घाटात खडखडाट. आत जुनं कांबळं अंथरल्यावर बराच कमी झाला. डिझेलचा कॅन पेटीत ठेवत नाही. झोपायच्या जागेशेजारी तो वास नको. तो बाहेरच, कॅरियरला वेल्ड केलेल्या कडीत साखळीने अडकवलेला, आणि लांबचा पल्ला असेल तरच भरतो.

स्टेपनीच्या कुलपाचा अनुभव वेगळा. बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर, म्हणजे रस्त्यावरचा सगळा चिखल तिच्या अंगावर. जुलैमध्ये जांबोटीच्या अलीकडे भर पावसात पंक्चर झालं आणि कुलूप उघडेना. मीच आधी त्यात इंजिन ऑइल सोडलं होतं, त्याने चिखल धरून आतला गाळ घट्ट झाला होता. पाऊण तास झगडलो. चोरापासून राखलेली स्टेपनी मलाच मिळेना. तेव्हापासून तेल बंद, ग्रॅफाइटची पूड फुंकतो, आणि कुलपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा झाकण म्हणून बांधलाय. त्यानंतर अडकलं नाही.

गिअर लॉकबद्दल तक्रार नाही. गाडी रिव्हर्समध्ये टाकायची, दांडी अडकवायची, किल्ली काढायची. बसवताना त्याचे बोल्ट आवळता आवळता डोकं तुटून पडतं, मग पान्हा लागायला काही उरतच नाही. स्टिअरिंगचा हूक लॉक मित्राकडून उसना आणून महिनाभर वापरला. रोज उचलून लावायचा कंटाळा आला आणि शेवटी सीटखाली पडून राहिला. परत दिला.

लपवलेल्या स्विचची गंमत सांगतो. इलेक्ट्रिशियनने आधी तो स्टार्टरच्या वायरीत घातला. स्विच बंद, किल्ली फिरवली, काही नाही. खूश झालो. भावाने गाडी गल्लीच्या उतारावर सोडली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी सुरू! गिअरची गाडी धक्का स्टार्ट होते हे डोक्यातच आलं नव्हतं. मग स्विच इसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वीजपुरवठ्यावर नेला. माझं इंजिन कॉमन रेल आहे, इसीयूला वीज नाही तर डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडत नाहीत, मग कितीही ढकला.

ट्रॅकरसोबत फोनवरून इंजिन बंद करायचा रिलेही आला होता. तो जोडलेला नाही आणि जोडणारही नाही. चालत्या गाडीचं इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. चोर्ल्याच्या वळणावर चुकून बोट लागलं तर चोरी परवडली म्हणायची वेळ येईल.

बाकी ट्रॅकर कसा आहे? बेळगाव, निपाणी, संकेश्वर, हायवेवर सगळीकडे नीट चालतो. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ गाडी लावून मलप्रभेच्या उगमाकडे गेलो, तेवढ्यात भावाने गाडी सावलीत नेली. ती हलल्याची सूचना मला जांबोटीला परतल्यावर मिळाली. रेंज नसली की तो नोंदी साठवून ठेवतो आणि टॉवर सापडल्यावर एकदम पाठवतो. गाडी कुठून कशी गेली ते कळेल, पण नंतर. माझा टूजीवर चालणारा, त्यामुळे जिओचं सिमही चालत नाही, जिओचं जाळंच फोरजीपासून सुरू होतं. जो ट्रॅकर ओबीडीच्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या गाडी तपासायच्या, खोबणीत नुसता खुपसून बसतो तो मात्र घेऊ नका, चोर आधी तिथेच हात घालतो आणि उपटून फेकतो.

आणि बॅटरी. कामाच्या गडबडीत गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि स्टार्टरने नुसती टकटक केली. मीटर लावला तर सगळं बंद असताना ९० मिलिअँपियर ओढलं जात होतं, ट्रॅकर, स्टिरिओ वगैरे मिळून. दिवसाला दोन अँपियर-तासांहून थोडं जास्त, तीन आठवड्यांत पंचेचाळीसच्या घरात. जुन्या बॅटरीत उरणार काय? आता आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवून आणतो.

चोरीची तक्रार द्यायला गेलो तेव्हा आणखी एक कळलं. मला कन्नड बोलता येतं, लिहिताना हात अडखळतो, आणि सामानाच्या एकाही वस्तूचा नंबर माझ्याजवळ नव्हता. आता इंजिन आणि चेसिस नंबर, कॉम्प्रेसरचा सिरीयल नंबर, सामानाचे फोटो आणि मित्राकडून कन्नडमध्ये लिहून घेतलेली यादी फोनमध्ये आहे. विम्याचंही ऐका. तंबू, शेगडी, कॅन असलं सुटं सामान गाडीच्या पॉलिसीत येत नाही. नंतर बसवलेल्या वस्तू जाहीर करून त्याचा वेगळा हप्ता भरला तरच त्या धरतात. एआरएआयची (वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या पुण्याच्या संस्थेची) मान्यता असलेल्या चोरीरोधक यंत्राला सूट आहे, पण ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर २.५ टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये, तेव्हा फार हुरळू नका. गाडी गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून बंपरखाली तारेने बांधलेली दुसरी किल्ली मी त्याच आठवड्यात काढून घरच्या कपाटात ठेवली.

ट्रॅकरच्या वर्गणीचं वर्ष जूनमध्ये संपतंय. भरणार आहे, पण फोरजीचं यंत्र घेऊन, आणि घरी वेगळी, बाहेर वेगळी अशी कंपनाची पातळी ठेवता येत असेल तरच.