बारा शब्दांचं वॉलेट की पासकीवरचं स्मार्ट अकाउंट?

कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, चालणारा कोड) लिहून झालं, तपासून झालं, ॲप चालायला लागलं. आता माणसं आत घ्यायची. विकेंद्रित ॲप बनवणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लोकांना नेहमीचं वॉलेट, म्हणजे बारा शब्दांतून निघणाऱ्या गुप्त किल्लीचं खातं, घ्यायला लावायचं, की पासकीवर (फोनमध्ये राहणारी, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी किल्ली) उघडणारं स्मार्ट अकाउंट, म्हणजे स्वतःच कॉन्ट्रॅक्ट असलेलं खातं, द्यायचं? मी आधी पहिलं केलं, मग दुसऱ्याकडे वळलो. मोजमाप काही केलेलं नाही, अनुभवावरून लिहितोय.

आमचं ॲप छोटं आहे, छायाचित्रकारांच्या एका गटासाठी. फोटोचा हॅश (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) साखळीवर नोंदवायचा, म्हणजे अमुक वेळी हा फोटो अमुक पत्त्याकडे होता हे पुढे कुणालाही पडताळून बघता येतं. ॲप इथेरियम या ब्लॉकचेनच्या एका रोलअपवर आहे, म्हणजे मुख्य साखळीला जोडून चालणाऱ्या वेगळ्या, स्वस्त साखळीवर. मार्च २०२४ मध्ये डेनकन अपग्रेड आलं, रोलअपना आपला डेटा ब्लॉबमध्ये, म्हणजे मुख्य साखळीवरच्या स्वस्त, तात्पुरत्या जागेत, टाकता येऊ लागला आणि तिथली फी एवढी उतरली की आमच्यापुरता तो विषयच संपला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गॅसबद्दल, म्हणजे व्यवहारामागे द्याव्या लागणाऱ्या फीबद्दल, बरंच येणार आहे आणि त्यातलं काहीही आमच्या रोलअपवरचा गॅस महाग असल्याबद्दल नाही.

नेहमीच्या वॉलेटबद्दल मला खरोखर आदर आहे. बीआयपी-३९ या मानकाची २०४८ शब्दांची ठरलेली यादी, त्यातले बारा शब्द, आणि ते ज्याच्याजवळ त्याचं खातं. माझं ॲप उद्या बंद पडलं, वॉलेट बनवणारी कंपनी बंद पडली, तरी तेच बारा शब्द हेच मानक पाळणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही वॉलेटमध्ये घातले की खातं जसंच्या तसं समोर. विकेंद्रित या शब्दाचा एवढा सरळ अर्थ मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. शिवाय सामान्य माणसाला बारा शब्द झेपत नाहीत असं जे सर्रास म्हटलं जातं, ते माझ्या अनुभवाशी जुळत नाही. गटातल्या एका ज्येष्ठ ताईंनी ते वहीत लिहिले, प्रत्येकासमोर क्रमांक घातला आणि पुन्हा एकदा पडद्याशी ताडून पाहिले. त्यांना यात काहीच अवघड वाटलं नाही.

त्यांचं अडलं पुढच्या पायरीवर. "फोटो नोंदवा" हे बटण दाबल्यावर वॉलेटने सांगितलं, गॅससाठी पुरेशी रक्कम नाही. मी म्हटलं, थोडं इथर (इथेरियमचं चलन, गॅस त्यातच भरतात) घ्यावं लागेल. त्यांनी एक्सचेंजवर खातं काढलं, ओळखपत्राची पडताळणी होईपर्यंत थांबल्या, इथर घेतलं, आपल्या पत्त्यावर पाठवलं. संध्याकाळी फोन आला, "अहो, पैसे आलेले दिसतायत, पण बटण अजून तेच म्हणतंय." पाहिलं तर इथर मुख्य साखळीवर आलेलं आणि आमचं ॲप रोलअपवर. पत्ता तोच, वॉलेट तेच, पण पैसे पलीकडच्या काठावर. ते अलीकडे आणायचे तर ब्रिज (एका साखळीवरचे पैसे दुसरीवर नेणारी सोय) हवा, आणि ब्रिजच्या व्यवहाराला मुख्य साखळीचा गॅस. त्यांनी घेतलेली रक्कम लहान होती, त्यातला बराचसा भाग नुसता ओलांडण्यातच गेला असता. त्यांनी शांतपणे विचारलं, "मला फोटो नोंदवायचाय, त्यासाठी मी हे सगळं का करतेय?" माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी माझ्या वॉलेटमधून त्यांच्या रोलअपवरच्या पत्त्यावर थोडं इथर पाठवलं आणि फोटो नोंदला गेला. पुढे नव्या प्रत्येक सभासदाला मी तेच करू लागलो. आठवड्याला चार-पाच पत्ते यायचे, मी हाताने चिमूट चिमूट इथर वाटायचो. कुणाचं संपलं की निरोप यायचा. मी बाहेर असलो की त्याचं काम खोळंबायचं. बाकी कुणाला हा त्रास किरकोळ वाटेलही. माझा निर्णय मात्र यावरच झाला.

कारण जे मी हाताने करत होतो, तेच काम पेमास्टर नावाचं कॉन्ट्रॅक्ट करतं. स्मार्ट अकाउंटसाठीच्या ईआरसी-४३३७ या मानकाची ही सोय मार्च २०२३ पासून मुख्य साखळीवर आहे आणि तिच्यासाठी इथेरियमच्या मूळ नियमांना हातही लावावा लागला नाही. वापरकर्ता आपली मागणी सही करून देतो, बंडलर नावाचा मध्यस्थ ती साखळीपर्यंत पोचवतो, गॅस पेमास्टरच्या ठेवीतून कापला जातो. आमच्या पेमास्टरला दोनच नियम आहेत: फक्त नोंदणीच्याच कामाचा गॅस भरायचा, आणि एका खात्याला दिवसाला ठरावीक नोंदी. मर्यादा घातली नाही, तर कुणीतरी बसून तुमची ठेव रिकामी करेल, तेव्हा हे पहिल्याच दिवशी करा.

सहीसाठी पासकी. इथे एक अडचण होती: फोनमधली सुरक्षित चिप पी-२५६ वक्रावर (सहीच्या गणिताचा एक प्रकार) सही करते आणि इथेरियमची खाती सेक पी-२५६ के-१ या वेगळ्या वक्रावर. पी-२५६ ची सही कॉन्ट्रॅक्टमध्ये तपासायची तर गॅस लाखो एककांच्या घरात जायचा, जिथे साध्या इथर पाठवण्याला २१,००० एककं लागतात. आमच्या रोलअपवर त्यासाठी तयार प्रीकंपाइल, म्हणजे साखळीतच बसवलेली स्वस्त तपासणी, होतं. डिसेंबर २०२५ च्या फुसाका अपग्रेडपासून मुख्य साखळीवरही ते आहे, म्हणजे ही अडचण आता सांगण्यापुरतीच उरली.

आता दुसरी बाजू, कारण स्मार्ट अकाउंट म्हणजे शेवटी कोडच. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या) वॉलेटांची सामायिक लायब्ररी, म्हणजे त्या सगळ्यांनी वापरलेला कोड, एका व्यवहाराने नष्ट झाली आणि पाच लाखांहून जास्त इथर जागीच गोठलं. त्यात कुणाचीही किल्ली हरवली नव्हती. म्हणून अकाउंटचा कोड स्वतः लिहायच्या भानगडीत मी पडलो नाही. अनेकांनी तपासलेला, बराच काळ वापरात असलेला घेतला, आणि तुम्हीही तेच करावं असं मला वाटतं. बंडलर आणि पेमास्टर कुणीतरी चालवावे लागतात हेही खरंच. ते थांबले, तर गॅस स्वतः भरण्याचा मार्ग खुला राहतो, पण नवख्या माणसाला तो सापडणार नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पासकीच्या एका गुणधर्माची, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पासकी डोमेनला, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाला, बांधलेली असते. आमचं डोमेन आमच्या हातातून गेलं, तर सभासदांच्या पासकी त्यांच्या फोनमध्ये असूनही निरुपयोगी. बारा शब्दांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. यावर मी केलेला उपाय असा: खातं उघडून दहा नोंदी झाल्या की ॲप सभासदाला खात्यावर दुसरा मालक जोडायला सांगतं. तो मालक म्हणजे साधी किल्ली, बारा शब्दांची. पहिल्या मिनिटाला जे ओझं वाटतं, ते दहा फोटो नोंदवून झाल्यावर वाटत नाही, कारण तोवर जपण्यासारखं काहीतरी खात्यात जमलेलं असतं.

ज्यांच्याकडे आधीपासून वॉलेट आहे आणि जुन्या नोंदी त्याच पत्त्यावर आहेत, त्यांना हलवू नका. मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडमधल्या ईआयपी-७७०२ मुळे जुना पत्ता तोच ठेवून त्याला स्मार्ट अकाउंटसारखं वागवता येतं, आणि आमचा पेमास्टर त्यांचाही गॅस भरतो. मूळ खासगी किल्लीचा अधिकार मात्र शाबूत राहतो, त्यामुळे त्यांची बारा शब्दांची वही त्यांनी जपायचीच.

तुमचे वापरकर्ते आधीच या क्षेत्रात रुळलेले असतील, किंवा त्यांच्या खात्यांतून मोठ्या रकमा फिरणार असतील, तर नेहमीचं वॉलेट हा कदाचित अधिक योग्य मार्ग ठरेल. तिथे कमी भाग, कमी मोडतोड. पण तुमचा माणूस पहिल्यांदाच येत असेल आणि त्याला एखादं साधं काम करून जायचं असेल, तर मी स्मार्ट अकाउंटच्या बाजूने आहे. निदान एकदा नवा फोन आणि रिकामं वॉलेट घेऊन, स्वतःचं इथर न वापरता, तुमच्याच ॲपमध्ये पहिलं काम पूर्ण करून बघा आणि मग ठरवा.

ताई आता पासकीच्या खात्यावर आहेत. दुसरा मालक म्हणून त्यांनी वहीतल्या त्याच बारा शब्दांची किल्ली जोडली. मुख्य साखळीवरचं त्यांचं ते थोडं इथर अजून तिथेच पडून आहे.