एकाच घरातली तीन वयं आणि ऑनलाइन वर्ग: काही महिन्यांच्या वापरानंतर

दुसरी, सहावी आणि दहावी. घरातली तिन्ही मुलं गेले कित्येक महिने थेट वर्ग आणि रेकॉर्ड केलेले धडे, दोन्ही वापरताहेत. ऑनलाइन शिकणं कसं वाटतं असं कुणी विचारलं, की मी आधी मुलाचं वय विचारते.

धाकटीसाठी कुणीतरी मोठं माणूस शेजारी लागतंच. लिंक उघडणं, पान काढून देणं, आवाज चालू-बंद करणं, सगळं तेच करतं. बाईंना लिहून झालेलं अक्षर दिसतं. पेन्सिल कशी धरली, रेघ कुठून सुरू केली हे दिसत नाही. आणखी एक गोष्ट. झूमवर आपलं स्वतःचं चित्र आपल्याला आरशातल्यासारखं दिसतं. धाकटी वही कॅमेऱ्यासमोर धरायची, तिला स्वतःचं अक्षर उलटं दिसायचं आणि बरोबर लिहिलेलं ती खोडून टाकायची! बाकीच्यांना ते सरळच दिसत असतं. सेटिंगमध्ये हा आरसा बंद करता येतो. मूल नुकतंच लिहायला शिकत असेल, तर पहिल्याच दिवशी बंद करा. अर्ध्या तासाने तिचं लक्ष उडतं आणि मग मी ताणत नाही. हातच्याची वजाबाकी तिला शेवटी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडूनच समजली.

मधल्याला थेट वर्ग मानवलाय. चारचौघांत हात वर करायला लाजणारा हा मुलगा चॅटमध्ये भराभर उत्तरं लिहितो. विज्ञानाच्या बाई चार-चार मुलांचे गट करून झूमवरच्याच वेगळ्या खोल्यांत पाठवतात, तेव्हा तर त्याचा आवाज घरभर ऐकू येतो. सलग बोलत राहणाऱ्या शिक्षकांच्या तासाला मात्र शेजारच्या टॅबमध्ये दुसरंच काहीतरी उघडलेलं असतं. त्याला रागावण्यापेक्षा शिक्षकांनी मध्येमध्ये प्रश्न विचारावेत, असं मला मनापासून वाटतं.

थोरलीचं पारडं रेकॉर्ड केलेल्या धड्यांकडे झुकतं. भूमितीची सिद्धता ती तीनदा मागे नेऊन बघते, इतिहास दीडपट वेगाने ऐकते. पण धडा नुसता ऐकला की सगळं आल्यासारखं वाटतं आणि वही उघडल्यावर हात थांबतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता. हे कळल्यापासून आमच्याकडे दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं ठरलंय. फरक स्पष्ट दिसतो.

थेट वर्गात ती कॅमेरा बंद ठेवते. आधी मला तो आळस वाटे. पण या वयात सतत स्वतःचा चेहरा समोर असणं जड जातं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ भेटींच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत हेही एक आहे. स्वतःचं चित्र फक्त स्वतःपुरतं लपवायची सोय असते. ती दाखवल्यावर तिने आपणहून कॅमेरा सुरू केला.

रेकॉर्डिंगला शंका विचारता येत नाही, ही तिची मोठी अडचण. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास फक्त शंकांसाठी थेट ठेवला, त्यात नवा धडा घ्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे तिचं बीजगणित पुढे सरकलं.