नंदुरबार–जळगाव पॅसेंजर प्रवास: सोयीचा, पण खिडकीपाशी जपावे असा

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या गावांतून जळगावला दवाखान्यासाठी, बाजारासाठी किंवा महाविद्यालयासाठी जाणाऱ्या माणसाला या मार्गावरील पॅसेंजर गाडीइतकी स्वस्त सोय दुसरी नाही, आणि भाड्याच्या मानाने प्रवासही बरा होतो. माझी खरी काळजी दारात लटकणाऱ्या मुलांची आणि खिडकीबाहेर हात काढणाऱ्या लेकरांची आहे. साध्या डब्याच्या खिडक्यांना आडवे गज असतात, परंतु आपत्कालीन खिडकीला ते पक्के नसतात. तिथेच आईबाप मुलाला कौतुकाने बसवतात, हे पाहून जीव वरखाली होतो.

ताशी 72 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात 20 मीटर पुढे जाते, त्यामुळे मागे वळून पाहणाऱ्याला विजेच्या तारांचा खांब, सिग्नल किंवा पुलाची लोखंडी तुळई दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते. मार्ग दुहेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीचा वेग त्यात मिळतो. वळणावर डबा कलतो, तेव्हा दांडा धरलेला घामेजला हातही सुटू शकतो.

रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 156 नुसार इशारा देऊनही पायरीवरून प्रवास करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान मुले सोबत असतील तर त्यांना आतल्या बाजूला बसवावे. दारातील गर्दी हटत नसल्यास 139 क्रमांकावर कळवता येते.