आठ महिने आणि १९०० किलोमीटर: जुनी रॅले सायकल स्वतः उभी केल्यावर

मागच्या चाकाच्या हबवरची, म्हणजे मधल्या गाभ्यावरची, काळी माती बोटाने पुसली तेव्हा खाली ‘एडब्ल्यू’ ही अक्षरं आणि शेजारी ६२ हा आकडा दिसला. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या या तीन गिअरच्या हबवर तो कोणत्या साली बनला ते ठोकलेलं असतं. हब मूळचाच असेल तर सायकलही त्याच सुमाराची, म्हणजे १९६२ची. रॅले स्पोर्ट्स, काळा रंग, पुढे बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला, दोन्ही टायर चिरलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ. आठ महिने झाले, मी रोज हीच सायकल चालवते आहे आणि मीटरवर १९०० किलोमीटर झाले आहेत. काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहून झालं असतं. आता काय टिकलं, काय सुटलं आणि कुठे पैसे उगाच गेले ते कळलं आहे.

सुरुवातीलाच एक ठरवलं होतं. साध्या नव्या सायकलीला जेवढे पैसे पडतात त्याच्या वर एक पैसा घालायचा नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी यादीतून एक मोठी गोष्ट कापली: रंग. फ्रेम घासून नवा रंग द्यायचा तर ठरवलेल्या रकमेचा जवळपास तिसरा हिस्सा तिथेच संपत होता, आणि त्या रंगाने सायकल थांबायला किंवा पळायला काडीची मदत होणार नव्हती. शिवाय ट्यूबवरच्या बारीक सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या आहेत. एकदा घासल्या की गेल्या. मी फक्त धुतलं, हलक्या पॉलिशने पुसलं आणि मेणाचे दोन हात दिले. खरचटलेल्या जागा तशाच दिसतात, आणि मला त्या आवडतात.

पैसे घालण्याआधी मात्र फ्रेम सरळ आहे ना ते बघितलं. हँडलखालच्या उभ्या नळीला दोऱ्याचा वेढा देऊन दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. माझ्या सायकलीत एक मिलिमीटरचाही फरक आला नाही. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकलेला असता किंवा नळीला जोडाजवळ भेग असती, तर मी ती सायकल तशीच सोडून दिली असती. बाकी सगळं बदलता येतं. वाकलेली फ्रेम सरळ करणं या बजेटचं काम नाही.

गंजाबद्दल थोडक्यात. क्रोमवरचा वरवरचा गंज काढायला साधा अॅल्युमिनिअमचा कागद पाण्यात बुडवून घासला. अॅल्युमिनिअम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत, आणि हँडल दहा मिनिटांत चकाकलं. नट, बोल्ट, चकत्या ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या, मग सोड्याच्या पाण्यात धुतल्या. हे आम्ल विषारी आहे: हातमोजे घाला आणि स्वयंपाकातलं भांडं वापरू नका. आठ महिन्यांनी बघते तर जिथे घासल्यावर मेण लावलं तिथे क्रोम स्वच्छ आहे. घंटीच्या पट्टीखाली लावायचं राहिलं होतं, नेमका तिथेच तपकिरी डाग परत आला.

आता कॉटर पिन. जुन्या सायकलीत क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर ज्या पाचरीने बसते ती ही पिन. इथे मी चूक केली. नट काढला आणि पिनेच्या टोकावर हातोडी घातली. तिसऱ्या घावाला टोक छत्रीसारखं फुललं, आटे मेले आणि पिन जागची हलली नाही. शेवटी ड्रिल लावून ती काढायला अख्खी दुपार गेली. दुसऱ्या बाजूची पिन दाबाने काढली. टेबलाला बसवलेला शिकंजा, पिनेच्या जाड टोकाच्या बाजूला ती मावेल असा पोकळ सॉकेट, आणि दांडा हळूहळू फिरवायचा. ‘ठक्’ असा एक आवाज आला आणि पिन बाहेर. हातोडीचा घाव छर्र्यांच्या, म्हणजे एक्सल ज्यांवर फिरतो त्या गोळ्यांच्या, कपावरही बसतो आणि तिथे खळगे पडतात, हे मला नंतर कळलं.

नवी पिन विकत घेतानाही जपून. रॅलेला साडेनऊ मिलिमीटरची लागते, इतर पुष्कळ सायकलींना नऊची. मी मागवलेली पहिली जोडी इतकी मऊ लोखंडाची निघाली की दोन महिन्यांत डाव्या पायडलच्या प्रत्येक फेरीला ‘टक्’ असं वाजायला लागलं. काढून पाहिलं तर पिनेच्या सपाट बाजूवर एक्सलने पायरी पाडली होती. दुसरी जोडी कठीण लोखंडाची घेतली. सपाट बाजू कानशीने इतकी घासली की एक्सलवर पूर्ण टेकेल, दोन्ही बाजूंच्या पिना उलट दिशांनी घातल्या, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. आणि शिकंज्यानेच दाबून बसवल्या. नट पिन ओढून बसवण्यासाठी नसतो, तो फक्त बसलेली पिन धरून ठेवतो. शंभर किलोमीटरनंतर एकदा परत दाबल्या. तेव्हापासून आवाज नाही.

क्रँक निघाल्यावर आतले छर्रे बदलले. पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. ही गोष्ट स्वस्त असते आणि फरक मात्र पहिल्याच फेरीत पायाला कळतो. जुने छर्रे हातात घेतले तेव्हा काहींवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. उजव्या बाजूचा कप मात्र मी काढला नाही, जागेवरच पुसून टॉर्चने तपासला. याचं कारण सांगते. रॅलेने आपल्या कारखान्यात इंचाला २६ आटे पाडले, बाकीच्या इंग्रजी सायकलींना २४. त्यामुळे सहज मिळणारा कप यात बसत नाही, आणि चांगला बसलेला कप हट्टाने काढायला जाऊन आटे मारले तर फ्रेमच निकामी. हेडसेटचंही, म्हणजे हँडलखालच्या नळीतल्या छर्र्यांच्या जोडणीचंही, तेच आहे, म्हणून चिमटा बदलायचा विचार करत असाल तर आधी आटे मोजा.

टायर घेताना नुसता ‘२६ इंची’ हा शब्द ऐकून पैसे देऊ नका. डोंगरी सायकलीचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. या सायकलीचा २६ × १⅜ बसतो ५९० मिलिमीटरवर. नाव एकच, रिममध्ये एकतीस मिलिमीटरचा फरक. टायरच्या कडेला ३७-५९० असं छापलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. मी घेतलेले टायर मध्यम प्रतीचे होते. १९०० किलोमीटरनंतर मागच्याची नक्षी मधोमध निम्म्यावर आली आहे, पुढचा जवळपास नवा वाटतो. पंक्चर दोन झाली, दोन्ही मागे.

ज्या एका गोष्टीसाठी मी पैसे हात आखडता न घेता दिले, ते म्हणजे पुढचं चाक. मूळ रिम लोखंडी, क्रोम केलेली. कोरड्या रस्त्यावर तिचे ब्रेक ठीक चालतात. ओल्या रस्त्यावर मात्र लिव्हर पूर्ण दाबला तरी रबर रिमवरून नुसतं घसरत राहतं, आणि आधी पाणी पुसलं जाऊन मग कुठे ब्रेक धरायला लागतो. हा अनुभव मी चढ उतरताना पावसात एकदा घेतला आणि परत घ्यायचा नाही असं ठरवलं. अॅल्युमिनिअमच्या रिमवर तेच रबर ओल्यातही धरतं. जुनाच हब ठेवून ३२ भोकांची अॅल्युमिनिअम रिम आणि नव्या तारा घेतल्या. तारांची लांबी जुन्या तारांवरून घेऊ नका. नव्या रिमचा आतला व्यास वेगळा असतो, तो मोजूनच हिशेब करा.

चाक मी स्वतः विणलं, दोन संध्याकाळी गेल्या. आउट, म्हणजे चाकाचं डगमगणं, काढण्यासाठी सायकल उलटी ठेवली, ब्रेकच्या रबरालाच खूण धरली. मग एका जाणत्या कारागिरांना दाखवलं. त्यांनी चाक फिरवून बघितलंच नाही. एकेक तार नखाने छेडत गेले आणि म्हणाले, “ताई, कानाने बघा. सगळ्या एका सुरात वाजल्या पाहिजेत. ही बघा, ही ढिली बोलते.” त्यांनी चार तारा पाव पाव फेरी फिरवल्या. त्यानंतर आठ महिन्यांत त्या चाकाला पाना लावावा लागला नाही. सोबत ब्रेकची नवी केबल आणि नवी रबरं टाकली. या सायकलीत सर्वांत जास्त समाधान मला कशाचं असेल तर या पुढच्या ब्रेकचं.

मग मागची रिम का नाही बदलली? जुन्या इंग्रजी सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. चाळीस भोकांची अॅल्युमिनिअम रिम मला बजेटमध्ये मिळाली नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून मागची लोखंडी रिम तशीच ठेवली. हा निर्णय पैशांपुरता बरोबर होता. पूर्ण बरोबर होता का, ते शेवटी सांगते.

हबबद्दल मात्र मन भरून लिहावंसं वाटतं. हे एडब्ल्यू १९३६ साली आलं. आत मधोमध २० दात्यांचं चाक, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची छोटी चाकं आणि बाहेर ६० दात्यांचं कडं. दुसरा गिअर सरळ, तिसरा त्याच्यापेक्षा एक तृतीयांशाने जड, पहिला पाव हिश्श्याने हलका. माझा हब फिरत होता, पण गिअर कधी पकडायचा, कधी नाही. उघडायची तयारी केली होती, गरजच पडली नाही. आतलं जुनं तेल सुकून डिंकासारखं झालं होतं, आणि त्यात स्प्रिंगवरचे छोटे खटके चिकटले होते. तेलाच्या भोकातून पातळ तेल घातलं, चाक फिरवलं, रात्रभर ठेवलं, काळं तेल निथळू दिलं, असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी तिन्ही गिअर आले. आता महिन्याला हलक्या इंजिन ऑइलचे काही थेंब घालते. खाण्याचं तेल चुकूनही घालू नका, तेच सुकून चिकट होतं. जाड ग्रीसही खटक्यांवर नको. चालवताना हब बोलतं, ते ऐकायला शिका: पहिल्या गिअरमध्ये पायडल मारताना गप्प, दुसऱ्या-तिसऱ्यात हळू टिकटिक. ही टिकटिक थांबली तर काहीतरी अडकलं आहे.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा आहे जिथे हब काहीच पकडत नाही. केबल जराशी ढिली झाली होती आणि मी उभी राहून जोर लावत होते. पायडल एकदम मोकळं फिरलं, गुडघा हँडलवर आपटला. पडले नाही, पण आठवडाभर जिना चढवत नव्हता. उपाय दोन मिनिटांचा आहे. गिअरचा लिव्हर दुसऱ्या गिअरवर ठेवा, मागच्या चाकाच्या उजव्या नटाच्या खिडकीतून बघा; गिअरच्या केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या दांडीची पायरी एक्सलच्या टोकाशी बरोबर समान आली पाहिजे. नवी केबल ताणते, म्हणून पहिले काही आठवडे दर रविवारी बघत जा.

पुढची रिम सोडली तर मूळ रूपात एकच बदल मी मुद्दाम केला. मागचं १८ दात्यांचं चक्र काढून २२चं बसवलं, पुढचं ४६च आहे. जुनं गणित सपाट रस्त्यासाठी होतं, तिसरा गिअर वारा पाठीशी असल्याशिवाय वापरलाच जात नसे. आता नवा तिसरा जुन्या दुसऱ्यापेक्षा जरासा जड पडतो आणि पहिल्यात चढ बसून चढता येतो. चक्र तीन खाचांचं असतं, एका स्प्रिंगच्या कडीने बसतं. चेन थोडी लांब लागते, ती मी नवीच घेतली होती. इतक्या कमी पैशांत सायकलीचा स्वभाव बदलणारी दुसरी गोष्ट मला सापडली नाही.

सीट चामड्याची होती, कोरडी आणि बाजूंनी पसरलेली. कडेला भोकं पाडून खालून दोरीने आवळली, चामड्याचं मेण पातळसं लावलं. तेलात भिजवू नका, चामडं झोळीसारखं लोंबतं. दोन महिने टोचली, आता माझ्या मापाची झाली आहे. मागचं कॅरिअर जुनंच ठेवलं. प्लॅस्टिकची सुंदर दिसणारी हँडलची मूठ घेतली ती सहा महिन्यांत फिरायला लागली, ते पैसे वाया गेले. त्याऐवजी तेव्हाच मडगार्डच्या काड्यांचे स्क्रू बदलायला हवे होते. खडखड आवाज तिथून येत होता आणि मी तो इतर सगळीकडे शोधत बसले.

सातव्या महिन्यात मागच्या चाकाची एक तार तुटली, उजव्या बाजूची, हबच्या वाकणापाशी. पंधरा दिवसांनी दुसरी, तिच्याच शेजारची. तारा साठ वर्षांच्या होत्या आणि मी फक्त आउट काढून त्यांना पुन्हा कामाला लावलं होतं. इथे मी बचत चुकीच्या जागी केली. रिम जुनी ठेवली तरी निदान चाळीस तारा तेव्हाच नव्या घालायला हव्या होत्या. आता ३६ भोकांचं एडब्ल्यूचं रिकामं कवच वापरलेल्या सामानात मिळालं आहे. आतली यंत्रणा काढून त्यात जशीच्या तशी बसते, आणि ३६ भोकांची अॅल्युमिनिअम रिम सहज मिळते. रिम कालच आली. तारांची लांबी मोजून झाली आहे, या शनिवारी विणायला बसणार आहे.