द जॉर्ज इन, लंडन ब्रिज : लंडनला गेलात तर हा चौक चुकवू नका

लंडन ब्रिज स्टेशनला उतरून बरो हाय स्ट्रीटने थोडं चालत गेलं की डाव्या हाताला एक बोळ लागतो, सहज चुकतो, मी पहिल्यांदा सरळ पुढे निघून गेले होते. आत शिरलं की एकदम फरसबंदीचा चौक आणि उजवीकडे लांबलचक जुनी इमारत, तिच्या एका भागाला वरच्या दोन्ही मजल्यांवर लाकडी सज्जे. आई बरोबर होती, ती मान वर करून बघतच राहिली आणि म्हणाली, अगं हा तर वाडाच आहे की! फक्त वाड्याला चारी बाजू असतात, इथे एकच उरलीये.

हेच द जॉर्ज इन, आज पब असलं तरी मुळात घोडागाड्यांच्या प्रवाशांचं उतरायचं ठिकाण. वेस्टमिन्स्टरचा पूल झाला १७५० मध्ये, तोपर्यंत शहराच्या मध्यात थेम्स ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल, त्यामुळे केंट, ससेक्सकडून येणारा-जाणारा माणूस या रस्त्यावरूनच जायचा आणि मुक्काम सदर्कमध्ये, म्हणजे पुलाच्या दक्षिणेकडच्या याच भागात पडायचा. चौकात गाड्या सुटायच्या, घोडे तबेल्यात, माणसं वर. ते सज्जे नुसती शोभा नाहीत बरं का, तो जाण्यायेण्याचा रस्ता होता, खोल्यांची दारं त्या सज्जात उघडायची, म्हणजे आतून वेगळा पॅसेज काढायची गरजच नाही. असे सज्जेवाले इन लंडनमध्ये पूर्वी बरेच होते, शेजारीच टॅबर्ड होतं, चॉसर या जुन्या इंग्रजी कवीच्या गोष्टींतले कँटरबरीचे यात्रेकरू जिथून निघतात ते. ते पाडलं. आता अख्ख्या लंडनमध्ये हे एकच राहिलंय.

एका वॉकिंग टूरवाल्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं की शेक्सपिअर याच बाकांवर बसून बिअर प्यायचा. मला खूप राग आला, कारण पैसे घेऊन लोकांना असं काहीही सांगू नये. इन त्या काळीही होतं हे खरं, १५९८ च्या जॉन स्टोच्या लंडनवरच्या पुस्तकात त्याचं नाव आहे, पण १६७६ ला सदर्कमध्ये मोठी आग लागली त्यात ते जळलं, आज दिसते ती इमारत १६७७ ची आणि शेक्सपिअर गेला १६१६ ला. डिकन्सचं मात्र खरंय, त्याच्या लिटल डॉरिट कादंबरीत जॉर्जचा उल्लेख आहे.

आता बाकीच्या बाजू कुठे गेल्या ते ऐका, मला यातलं सगळ्यात जास्त हेच भिडलं. १८३६ मध्ये जवळच रेल्वे आली आणि घोडागाड्यांचा धंदा बसला. मग ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने हीच जागा आपल्या डेपोसाठी वापरली आणि १८८९ मध्ये गोदामांसाठी दोन बाजू पाडून टाकल्या. पुढे त्या कंपनीची वारस असलेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९३७ मध्ये उरलेली बाजू नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली म्हणून ती वाचली. आज ग्रेड वन लिस्टेड आहे, म्हणजे तिकडच्या वारसा यादीतला सगळ्यात वरचा दर्जा, आणि तरीही चालू पब आहे, कोणीही जाऊन बसावं.

आत एकाला लागून एक अशा खोल्या, लाकडी फळ्यांच्या भिंती, अंधारलेलं, उबदार. बारमधलं मोठ्या तबकडीचं जुनं घड्याळ नक्की बघा. याला पार्लमेंट क्लॉक म्हणतात. १७९७ ला पार्लमेंटने घड्याळांवर टॅक्स बसवला, घरच्या घड्याळाला वर्षाला पाच शिलिंग, लोक इतके वैतागले की वर्षभरात तो मागे घ्यावा लागला, पण पबमध्ये सगळ्यांना लांबून वेळ दिसावी म्हणून लावायच्या या घड्याळांना ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खरंतर अशी घड्याळं टॅक्सच्या आधीपासूनच होती.

पिणाऱ्यांसाठी: इथे हातपंपाने ओढलेली कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर घ्या. आपल्याला थंडगार, फसफसणाऱ्या लागरची सवय, ही तळघराच्या तापमानाला असते, ११-१३ डिग्री, वरून गॅस मारलेला नसतो, त्यामुळे पहिला घोट कोमट आणि सपक लागेल, पण अर्धा ग्लास संपेपर्यंत माल्टची चव कळायला लागते. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिली, बेतानेच घ्या, अर्धासुद्धा मिळतो. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची. आई दारूला शिवत नाही, तिने ऑरेंज ज्यूस घेतला आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो.

शक्यतो मधल्या वारी दुपारी जा, शुक्रवारी ऑफिसं सुटली की चौक भरून जातो आणि सज्जे निवांत बघता येत नाहीत. आम्ही तासभर होतो. निघताना आई परत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, उरलेल्या बाजूकडे पाठ केली आणि समोर हाताने दाखवत म्हणाली, म्हणजे इथेपण सज्जे असणार, आणि इथेपण.